उत्तर आलं, पण ताळा पाहिला का?



पुणतांबा म्हटलं की कुणाला गोदाकाठची चांगदेव महाराजांची समाधी आठवते, कुणाला शिर्डीकडे फाटा फुटणारं रेल्वे स्टेशन, तर कुणाला २०१७ चा शेतकरी संप. मला मात्र हल्ली इथली एक पाण्याची टाकी आठवते. त्या टाकीपाशी माझी एक चूक झाली, आणि ती एका मुलीने पकडली.

दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीतली उंचीची गणितं मी वर्गाबाहेर करायला नेलं होतं. कोनमापक, त्यावर चिकटवलेली नळी, दोऱ्याला बांधलेला दगड म्हणजे ओळंबा, आणि एक टेप. एवढंच साहित्य. पहिला गट टाकीपासून २० मीटरवर उभा राहिला, कोन आला ४० अंश. दुसरा गट २४ मीटरवर, कोन ३५ अंश. पुस्तकात ३०, ४५, ६० अंशांच्या किमती असतात. ४० आणि ३५ च्या नसतात. म्हणून माझाच फोन दिला आणि म्हटलं, टॅनची किंमत काढा, अंतराने गुणा, डोळ्याची उंची १.२ मीटर मिळवा.

पहिल्या गटाकडून ओरड आली, "सर, टाकी जमिनीत गेली!" टॅन ४० ची किंमत फोनने उणे १.११७२ दिली होती. म्हणजे उंची उणे २१ मीटर. सगळे हसले, मीही हसलो. "काहीतरी चुकीचं दाबलं असेल, परत करा," म्हटलं. दुसऱ्या गटाला टॅन ३५ मिळाला ०.४७३८. गुणून, मिळवून उंची आली साडेबारा मीटर. टाकी तेवढी असू शकते. मी वहीवर बरोबरची खूण केली.

तेव्हा दुसऱ्याच गटातली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, त्यांचं चुकलं तर आमचं बरोबर कसं? फोन तर एकच होता ना."

मी फोन पाहिला. तो रेडियनवर होता. रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक, ते अकरावीत येतं. फोन ३५ अंशांचा नव्हे, ३५ रेडियनचा टॅन देत होता. अंशांवर आणल्यावर टॅन ४० आला ०.८३९१ आणि टॅन ३५ आला ०.७००२. दोन्ही गटांची उंची आली १८ मीटर. मी ज्या उत्तरावर खूण केली होती, ते साडेपाच मीटरने चुकलं होतं.

उणे एकवीसने आपलं काही बिघडवलं नाही, ते चुकलंय हे सगळ्यांना दिसलं. धोका साडेबाराचा होता, कारण ते शहाण्यासारखं दिसत होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: मुलांना उत्तर काढायला आपण शिकवतो, पण उत्तर तपासायला शिकवत नाही. आणि आता तर उत्तर यंत्रच काढतं, त्यामुळे शिकवायचं राहिलेलं काम तपासायचंच आहे.

ताळा: आपलाच जुना शब्द

माझे आजोबा पाचवी शिकलेले. पण गुणाकार केला की कोपऱ्यात नवाचा ताळा मांडायचेच. ४७ गुणिले २३ म्हणजे १०८१. ४७ चे अंक मिळवले, ११, पुन्हा मिळवले, २. २३ चे ५. दोन पंचे दहा, म्हणजे १. आणि १०८१ चे अंक मिळवले तर १०, म्हणजे १. जमलं.

पण समजा घाईत कुणी १०८१ ऐवजी १८०१ लिहिलं, तर? ताळा तरीही १ च येतो. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसतच नाही. म्हणजे ताळा जमला तर "चूक सापडली नाही" एवढंच कळतं; "उत्तर बरोबर आहे" हे सिद्ध होत नाही. ५० गुणिले २० म्हणजे हजाराच्या आसपास, हा अंदाज सोबत घेतला की मात्र १८०१ लगेच पकडला जातो. एका ताळ्याला जे दिसत नाही, ते दुसऱ्याला दिसतं. ही गोष्ट पुढे फार कामाची आहे.

यंत्राच्या पोटात त्रिकोण नसतो

कॅल्क्युलेटरमध्ये साइनचं बटण दाबलं की आत कुणी त्रिकोण काढून बाजू मोजत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि काही साठवलेली कोष्टकं, एवढ्यावर तो साइनची जवळची किंमत काढतो. जवळची, तंतोतंत नव्हे. किती जवळची, हाच सगळा प्रश्न. विज्ञानाच्या कामाचं सॉफ्टवेअर बनवणारे लोक हेच तपासत बसतात.

ही तपासणी आपण वर्गात करू शकतो, आणि तीही आपल्याच गणितींच्या सूत्रावर. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने 'महाभास्करीय' या ग्रंथात साइन काढायची एक सुंदर रीत दिली आहे. आजच्या भाषेत: कोन घ्या, १८० मधून तो वजा करून उरलेल्याने त्याला गुणा. हा गुणाकार धरा 'ग'. मग ग ची चौपट भागिले (४०५०० वजा ग), झाली साइन. कोष्टक नको, वर्गमूळ नको.

मुलांना म्हटलं, तपासा. त्यांनी अर्थातच ३० घेतला. ग आला ४५००. १८००० भागिले ३६०००, म्हणजे ०.५. बरोब्बर! मग ९० घेतला, उत्तर १. तेही बरोब्बर. "सर, सूत्र शंभर टक्के खरं आहे," पोरं म्हणाली.

मग मी त्यांना आडमुठे कोन दिले.

४५ अंश: सूत्राने ०.७०५८८, खरी किंमत ०.७०७११.
१० अंश: सूत्राने ०.१७५२६, खरी किंमत ०.१७३६५.
१ अंश: सूत्राने ०.०१७७५७, खरी किंमत ०.०१७४५२.

आता प्रश्न विचारला: सूत्र सगळ्यात जास्त कुठे चुकलं? बहुतेकांनी १० अंश सांगितलं, कारण तिथे फरक ०.००१६ आहे आणि १ अंशाला जेमतेम ०.०००३. पण १ अंशाची साइन मुळातच लहान आहे. शंभर रुपयांत तीन रुपये चुकणं वेगळं आणि दहा रुपयांत तीन रुपये चुकणं वेगळं. 'कितीत किती' असं पाहिलं तर ४५ अंशांना चूक पाव टक्क्याहूनही कमी, १० ला जवळपास एक टक्का आणि १ अंशाला पावणेदोन टक्के. १०० मीटर लांबीच्या, एक अंश उताराच्या रस्त्याचा चढ १७४.५ सेंटीमीटर असेल, तर हे सूत्र १७७.६ सांगेल. गच्चीचा किंवा पाटाचा उतार काढणाऱ्याला तीन सेंटीमीटर काही थोडे नव्हेत.

यात भास्कराला नावं ठेवायची नाहीत. चौदाशे वर्षांपूर्वी इतक्या साध्या रीतीने इतकं जवळ जाणं हीच थक्क करणारी गोष्ट आहे. मुद्दा तपासणीचा आहे. सोयीच्या जागी तपासलं तर कोणतंही सूत्र खरं वाटतं. आणि आपण परीक्षेत नेमके सोयीचेच कोन विचारतो!

दुसरे भास्कराचार्य आणि एकेक अंशाची शिडी

नंतरचे भास्कराचार्य, 'लीलावती'चे, ते आपल्या अधिकच जवळचे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला, असं तो सांगतो. नातवाचं नाव चांगदेव. (हे चांगदेव यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी, आपल्या पुणतांब्याचे चांगदेव वेगळे. मुलं हमखास गोंधळतात.)

भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त एका अंशाची साइन १० भागिले ५७३ आणि कोसाइन ६५६८ भागिले ६५६९ धरून एकेक अंशाने पुढे जायची रीत दिली. कॅल्क्युलेटरवर पाहा: १० भागिले ५७३ म्हणजे ०.०१७४५२०, खरी किंमत ०.०१७४५२४. दोन्हींचे वर्ग करून मिळवा. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १ यायला हवा. येतो १.००००००१ च्या आसपास. पहिल्या सूत्राची १ अंशाला झालेली फजिती इथे नाही.

आता ३० अंशांपासून शिडी चढा. ३१ ची साइन म्हणजे ३० ची साइन गुणिले ६५६८/६५६९, अधिक ३० ची कोसाइन गुणिले १०/५७३. उत्तर ०.५१५०३८, सहा स्थळांपर्यंत अचूक. मग ३२, ३३... मुलांनी वाटून घेतलं, तिसाव्या पायरीला ६० अंशांवर पोचली. तिथली किंमत आपल्याला पाठ आहे, ०.८६६०२५. शिडीने आली ०.८६६०२१. प्रत्येक पायरीवरची बारीक चूक साठत गेली, तरी तीस पायऱ्यांनंतर ती सहाव्या स्थळावर आहे. चूक साठते कशी हे मुलांना इतकं स्पष्ट मी फळ्यावर कधीच दाखवू शकलो नव्हतो.

आपल्याकडे या तपासणीला एक शब्द होता, दृक्प्रत्यय. गणिताने काढलेलं आकाशात डोळ्यांनी दिसायला हवं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिलं. त्यात त्यांनी साइनला म्हणजे ज्येला फाटाच दिला आणि साध्या अंकगणिताने ग्रहांची स्थानं काढली. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या त्यावरून पंचांगं झाली. पण लहान चुका शतकं सरतील तशा मोठ्या होतात. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये प्रसिद्ध केली. जुन्यांचा मान राखूनही त्यांचं गणित पुन्हा तपासता येतं, हे केरूनानांनी दाखवलं.

चौथीतल्या ताळ्याने पकडलेली चूक

"हे जुनं झालं सर, आता यंत्रं चुकत नाहीत," असं एक पालक मला म्हणाले. त्यांना मी १९९४ सालची गोष्ट सांगितली.

अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा त्या जोड्या. उत्तरं जुळेनात. त्यांनी आपला प्रोग्राम तपासला, दुसऱ्या संगणकावर करून पाहिलं, एकेक शक्यता बाद केली. शेवटी दोष निघाला इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात. भागाकारासाठी चिपच्या आत जे कोष्टक होतं, त्यातली पाच घरं भरायची राहिली होती. बहुतेक भागाकार बरोबर यायचे. ठरावीक संख्यांनाच चूक व्हायची.

प्रसिद्ध झालेलं उदाहरण असं: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. खरं उत्तर १.३३३८२, सदोष चिप सांगायची १.३३३७४. आता चौथीतला ताळा करा. भागाकार गुणिले भाजक, आणि ते मूळ संख्येतून वजा. शून्य उरायला हवं. त्या चिपवर उरायचे २५६. कंपनीने शेवटी चिपा बदलून दिल्या आणि त्यापायी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा फटका सोसला.

आजची यंत्रं खूपच चांगली आहेत. पण संगणकातल्या आकडेमोडीचं जे जागतिक मानक १९८५ मध्ये ठरलं, त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ शेवटच्या अंकापर्यंत योग्य हवं असं बंधन आहे; साइन, कोसाइनवर तसं बंधन नाही. का? समजा चार दशांश स्थळांपर्यंत किंमत द्यायची आहे. खरी किंमत ०.१२३४४९९९ असेल तर ०.१२३४ लिहायचं, ०.१२३४५००१ असेल तर ०.१२३५. पण पुढचे किती अंक काढल्यावर हे नक्की होईल, ते आधी सांगता येत नाही. कोष्टकं करणाऱ्यांचा हा जुना पेच आहे. म्हणून आजही दोन सॉफ्टवेअरमध्ये एकाच कोनाच्या साइनचा शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो, आणि म्हणूनच तो तपासायला लागतो.

वर्गात करण्याजोगे चार ताळे

सॉफ्टवेअर तपासणारे जे करतात, त्याची शाळेतली आवृत्ती मी अशी केली आहे.

१. ओळखीची किंमत. काम सुरू करण्याआधी साइन ३० दाबा. ०.५ आला तर यंत्र अंशांवर आहे. उणे ०.९८८ आला तर रेडियनवर. हे मी टाकीपाशी केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

२. नात्याचा ताळा. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १. पण गंमत बघा, फोन रेडियनवर असला तरी हे १ च येतं! म्हणजे टाकीची चूक या ताळ्याने सापडली नसती. नवाच्या ताळ्यासारखंच, प्रत्येक ताळ्याला आपापली आंधळी जागा असते.

३. जाऊन परत येणे. ९ अंश घ्या. साइन, त्या उत्तराची कोसाइन, त्याचा टॅन. मग उलट्या क्रमाने तिन्हींची उलटी बटणं. पुन्हा ९ यायला हवेत. चांगल्या फोनवर येतील, जुन्या कॅल्क्युलेटरवर शेवटी थोडे भलतेच अंक दिसतील. आता हेच प्रत्येक पायरीला सहाच दशांश स्थळं ठेवून करा. मुलांचे ९ चे ९.३३ झाले! कारण वाटेत कोसाइनची किंमत ०.९९९९९६ येते. सहा अंकांपैकी पाच नवांतच गेले, माहिती उरली एकाच अंकात. अंक कुठे हरवतात हे मुलांनी स्वतः शोधलं, मी फक्त गप्प बसलो.

४. अडचणीची जागा. अगदी लहान कोन, ९० च्या अगदी जवळचा कोन, खूप मोठा कोन. सूत्र मोडायचं असेल तर तिथेच मोडतं. मुलांना "सूत्र मोडून दाखवा" म्हटलं की एरवी मागच्या बाकावर पेंगणारेही पुढे येतात.

हे सगळं बसवायचं कुठे?

सहकारी विचारतात, अभ्यासक्रम पुरा होत नाही, यात वेळ कुठून आणायचा? अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, ताळ्याला वेगळे गुण नाहीत. पण घटक चाचणी आपल्याच हातात असते. मी पाच गुणांच्या गणितात एक गुण ताळ्याला ठेवला आहे. उत्तर चुकलं, पण मुलाने ताळा करून "हे चुकलंय, कुठे ते सापडत नाही" असं लिहिलं, तर तो गुण देतो. सुरुवातीला एका पालकांनी विचारलं, "चुकलेल्या उत्तराला गुण कसले सर?" मी म्हटलं, स्वतःची चूक ओळखल्याचे. दुकानात हिशेब चुकला तर तो ओळखणाराच मुलगा तुम्हाला हवा ना?

पालकांना माझी एकच विनंती. मुलाने फोनवरून उत्तर काढून दाखवलं, मग ते गणित असो की आणखी काही, तर "बरोबर आहे का?" असं विचारू नका, त्याला "हो" एवढंच उत्तर मिळतं. "कशावरून?" असं विचारा. आणि आपल्याला स्वतःला गणित येत नाही म्हणून संकोचू नका. माझ्या आजोबांना त्रिकोणमिती माहीत नव्हती, तरी ताळा मांडल्याशिवाय त्यांनी कधी हिशेब बंद केला नाही.

राहिली ती टाकीची वही. साडेबारावरची माझी खूण मी खोडली नाही. तिच्याखाली १८ लिहून घेतलं, आणि बाजूला लिहिलं, "सरांनी ताळा पाहिला नव्हता." वही त्या मुलीकडेच आहे. या वर्षी नवी दहावी टाकीपाशी जाईल तेव्हा ती वही मी मागून घेणार आहे. तुमच्या शाळेत हा प्रयोग केलात, तर मुलांनी कोणतं सूत्र कुठे मोडलं ते मला जरूर कळवा.